इंटरव्हल म्हणजे नेमकं किती? फवारणी, पाण्याची पाळी, नकाशा आणि औषधाची चिठ्ठी वाचताना

नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या सांगलीत इंटरव्हल म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही. दिवे लागतात, वडापावची रांग लागते. पण हाच शब्द तासगावच्या द्राक्षबागेत औषधाच्या लेबलबरोबर येतो, दहावीच्या सांख्यिकीत येतो, मिरजेच्या दवाखान्यातल्या ईसीजीवर येतो, साताऱ्याच्या डोंगरांच्या नकाशाखाली बारीक अक्षरात छापलेला असतो. शब्दकोश काढला की ‘अंतर, मध्यंतर, अवधी’ असे तीन अर्थ मिळतात. ते बरोबर असतात आणि तरीही कामाच्या वेळी फारसे उपयोगी पडत नाहीत. कारण घोळ अर्थात कमी आणि मोजणीत जास्त होतो: कुठून मोजायचं, कुठपर्यंत, आणि टोकं धरायची की सोडायची.

शब्दाचं मूळ इथे उपयोगी पडतं. लॅटिनमध्ये ‘इंटर’ म्हणजे मध्ये आणि ‘व्हॅलम’ म्हणजे तटबंदी. दोन तटांमधली मोकळी जागा ती इंटरव्हल. पुढे जागेसाठीचा शब्द वेळेलाही लागला, जसं आपण ‘दोन गावांतलं अंतर’ आणि ‘दोन मुलांतलं अंतर’ एकाच शब्दात म्हणतो. तटाची ही कल्पना डोक्यात ठेवा, कारण प्रत्येक इंटरव्हलला दोन तट असतातच. कुठेही हा शब्द आला की चार प्रश्न क्रमाने विचारायचे.

१. अंतर कशातलं आहे: वेळेतलं, जागेतलं, की संख्येतलं?
२. दोन तट कोणते?
३. तटांची जाडी मोजणीत धरली आहे का?
४. दिलेला आकडा किमान आहे, कमाल आहे, की नेमका तेवढाच?

पहिल्या प्रश्नात सहसा कुणी चुकत नाही. उरलेल्या तिघांत चुकतात.

दिवसाआड आणि आठ दिवस

इंग्रजी माहितीपत्रकात ‘तीन दिवसांच्या इंटरव्हलने’ असं लिहिलं असेल, तर सोमवारनंतर गुरुवार आणि मग रविवार. मोजणी एका सुरुवातीपासून दुसऱ्या सुरुवातीपर्यंत असते. त्याचं मराठी कुणी ‘तीन दिवसाआड’ करून दिलं, की मंगळ, बुध, गुरू रिकामे जातात आणि काम शुक्रवारवर पडतं. ‘आड’ हा शब्द मधले रिकामे दिवस मोजतो. म्हणून इंग्रजी इंटरव्हलचं ‘आड’मध्ये रूपांतर करताना आकड्यातून एक वजा करायचा: तीन दिवसांचा इंटरव्हल म्हणजे दोन दिवसाआड. नुसतं ‘दिवसाआड’ म्हणजे दोन दिवसांचा इंटरव्हल. डोक्याला ताप नको असेल तर ‘दर तीन दिवसांनी’ असं लिहावं आणि पुढे वार लिहावेत. वार लिहिले की वाद उरत नाही.

उलट इंग्रजीतला ‘गॅप’ हा शब्द बहुधा रिकामी जागाच मोजतो, आपल्या ‘आड’सारखा. इंटरव्हल आणि गॅप हे दोन शब्द एकाच आकड्यापुढे अदलाबदलीने वापरलेले दिसले, तर लिहिणाऱ्याला वार विचारून घ्यावेत.

दुसरा खड्डा आपल्या बोलीतच आहे. गुरुवारच्या बाजारात व्यापारी ‘आठ दिवसांनी या’ म्हणतो, तेव्हा त्याला पुढचाच गुरुवार अभिप्रेत असतो. मधलं अंतर सात दिवसांचं, पण दोन्ही गुरुवार धरले की दिवस आठ. तसेच ‘पंधरा दिवस’ म्हणजे प्रत्यक्षात चौदा. यात अडाणीपणा काही नाही, ही दोन्ही तट धरून केलेली मोजणी आहे. फ्रेंच लोकही आठवड्याला आठ दिवस आणि पंधरवड्याला पंधरा दिवसच म्हणतात. बाराव्या दिवशी बारसं ठरवतानाही आपण जन्माचा दिवस पहिला धरतो. खताचा हप्ता एक दिवस अलीकडे-पलीकडे झाला तर पिकाचं काही बिघडत नाही. लस, औषध आणि द्राक्षाची शेवटची फवारणी यांत मात्र बिघडू शकतं.

दवाखान्यात: शून्यावा दिवस

कुत्रा चावल्यावरच्या लशीचं वेळापत्रक या मोजणीचं सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे. स्नायूत दिली जाणारी लस ०, ३, ७, १४, २८ या दिवशी आणि त्वचेत दिली जाणारी ०, ३, ७, २८ या दिवशी असते. पहिल्या सुईचा दिवस शून्य. ती सोमवारी दिली, तर तिसरा दिवस गुरुवार, सातवा पुढचा सोमवार, चौदावा त्याच्या पुढचा सोमवार. सुईच्या दिवसालाच ‘पहिला’ म्हटलं की ‘तिसरा’ बुधवारी येतो, आणि कार्ड घेऊन आलेला माणूस एक दिवस आधी दारात उभा राहतो. उपाय सोपा आहे: बोटं न मोजता तारखेत आकडा मिळवायचा. ५ तारखेला सुरुवात, तर ५ अधिक ३, म्हणजे ८ तारीख. आणखी एक लक्षात घ्या, कार्डावरचे आकडे हे सुरुवातीपासूनचे दिवस आहेत. दोन सुयांमधले इंटरव्हल ३, ४, ७ आणि १४ असे निघतात. ‘आता सातव्या दिवशी’ हे ऐकून कुणी दुसऱ्या सुईपासून सात मोजले, तर तिसरी सुई तीन दिवस उशिरा होते.

बाळांच्या लसीकरणात चौथा प्रश्न कामाला येतो. पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस) ६, १० आणि १४ आठवड्यांना देतात, आणि दोन मात्रांमध्ये किमान ४ आठवडे जावे लागतात. किमान म्हणजे त्याच्या आत दिलेली मात्रा मोजली जात नाही असं होऊ शकतं. उशीर झाला तर मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं नसतं, राहिली तिथून पुढे द्यायची. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं परत आल्यावर ‘आता वेळ गेली’ म्हणून लस सोडून देतात, तेव्हा त्यांनी किमान इंटरव्हलला कमाल समजलेलं असतं.

गोळ्यांचं असंच. ‘दिवसातून तीन वेळा’ आणि ‘दर आठ तासांनी’ या दोन वेगळ्या सूचना आहेत. सकाळी ८, दुपारी २ आणि रात्री ९ असं घेतलं, तर अंतरं पडतात ६, ७ आणि ११ तासांची. डॉक्टरांनी मुद्दाम आठ तास सांगितले असतील, तर सकाळी ६, दुपारी २, रात्री १० अशा वेळा बांधाव्या लागतात. तापासाठी ‘लागेल तेव्हा’ घ्यायच्या पॅरासिटॅमॉलवरचा आकडा किमान असतो: प्रौढांनी दोन मात्रांत निदान ४ तास सोडायचे आणि २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही. हे २४ तास मध्यरात्री नव्याने सुरू होत नाहीत. ते कोणत्याही क्षणापासून मागे मोजायचे. लहान मुलांचा हिशोब वजनावर असतो, तो डॉक्टरांकडूनच घ्यावा.

पाळणा लांबवण्याच्या सल्ल्यातही दुसरा प्रश्न लपलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे ती एका बाळंतपणापासून पुढच्या गर्भधारणेपर्यंत किमान २४ महिने थांबण्याची. दोन जन्मांतलं अंतर मग ३३ महिन्यांच्या आसपास जातं, आणि आपल्याकडे सांगितली जाणारी ‘तीन वर्षं’ त्याच्याशी जुळतात. ‘दोन मुलांत दोन वर्षं’ असा अर्थ घेणाऱ्याने दुसरा तट नऊ महिने पुढे सरकवलेला असतो.

ईसीजी वाचायला शिकणाऱ्या परिचारिका आणि तंत्रज्ञांसाठी एक भेद. पीआर इंटरव्हल पी लाटेच्या (ठोक्यातली पहिली छोटी लाट) सुरुवातीपासून क्यूआरएसच्या (तिच्यानंतरची मोठी टोकदार लाट) सुरुवातीपर्यंत मोजतात, म्हणजे पी लाट त्यात धरलेली असते. पीआर सेगमेंट पी लाट संपल्यावर सुरू होतो. एकात एक तट आत, दुसऱ्यात बाहेर. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकत असेल, तर छोटा चौकोन ०.०४ सेकंदाचा आणि प्रौढाचा सर्वसाधारण पीआर इंटरव्हल ३ ते ५ छोट्या चौकोनांचा. सेगमेंट मोजून तो इंटरव्हल म्हणून नोंदवला, की वाढलेला इंटरव्हलही ठीकठाक दिसतो.

द्राक्षबागेत: तीन आकडे, तीन कामं

तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ भागात ‘पीएचआय’ हा शब्द आता मराठीच झाला आहे: शेवटच्या फवारणीपासून तोडणीपर्यंत थांबायचे दिवस. लेबलवर तो ‘वेटिंग पिरियड’ म्हणून पिकानिहाय दिलेला असतो. निर्यातीच्या बागेसाठी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची शिफारस केलेल्या रसायनांची यादी असते, तिच्यात प्रत्येकापुढे पीएचआय आणि कमाल अवशेष मर्यादा दिलेली असते. दोन ठिकाणचे आकडे वेगळे असतील तर मोठा धरायचा.

याच डब्यावर किंवा पत्रकावर आणखी दोन इंटरव्हल असू शकतात: दोन फवारण्यांमधलं अंतर, आणि फवारल्यानंतर माणसांनी बागेत परत शिरण्याआधी सोडायचा वेळ. पहिला रोगनियंत्रणासाठी, दुसरा मजुरांच्या आरोग्यासाठी, पीएचआय खाणाऱ्यासाठी. फवारणीतल्या अंतराचा आकडा पीएचआय समजून घेतला की माल परत येतो, आणि तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

हिशोब मागे मोजत करावा.

- पहिल्या तोडणीची तारीख धरा, शेवटच्या तोडणीची नको. बाग तीन वेळा तुटणार असेल तर पहिल्या गाडीतला मालही प्रयोगशाळेत जाऊ शकतो.
- समजा पहिली तोडणी २० फेब्रुवारी आणि पीएचआय ३० दिवस. शेवटची फवारणी उशिरात उशिरा २१ जानेवारीला. इथे ‘महिनाभर आधी’ असं तोंडी सांगू नका. महिना कधी २८ दिवसांचा असतो, कधी ३१चा.
- त्यात स्वतःचे चार-पाच दिवस जादा सोडा. भाव चढला की व्यापारी गाडी आधी लावायला बघतो, आणि त्या वेळी कॅलेंडर कुणी काढत नाही.
- टाकीत दोन औषधं एकत्र गेली असतील, तर ज्याचा पीएचआय मोठा तोच दोघांचा.
- प्लॉट दोन दिवसांत फवारला असेल तर दुसऱ्या दिवसापासून मोजा, किंवा ओळींचे खुंट रंगवून दोन भाग वेगळे ठेवा.
- वहीत तारीख, प्लॉट, घटकाचं तांत्रिक नाव आणि मात्रा लिहा. शेवटच्या रकान्यात ‘या तारखेआधी तोडणी नाही’ अशी तारीखच लिहून टाका, म्हणजे पुन्हा वजाबाकी नको.

तरीही अवशेष सापडतात, त्याची कारणं ठरलेली आहेत. लेबलपेक्षा मात्रा वाढवली की पीएचआयचा आकडा लागू राहत नाही, कारण तो शिफारशीच्या मात्रेवर काढलेला असतो. एकच घटक दोन कंपन्यांच्या नावांनी येतो, म्हणून पहिला बंद करून दुसरा मारला तरी घड्याळ नव्याने सुरू होतं. आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारं औषध पाण्याने धुऊन जात नाही. आणि शेजाऱ्याच्या ब्लोअरचा तुषार कडेच्या दोन ओळींवर आला, तर त्या ओळींची शेवटची फवारणी त्याच्या तारखेची झाली.

सरीवर: खांब किती, फटी किती

जागेतल्या इंटरव्हलचा जुना सापळा असा: १०० फूट सरीत दर २ फुटांवर रोप, तर रोपं किती? पन्नास म्हणणारा फटी मोजतो. दोन्ही टोकांना रोप लावलं तर ५१ लागतात. सकाळी ६ ते ८ दर २० मिनिटांनी एसटी असेल, तर दोन्ही टोकांच्या धरून गाड्या सात आणि मधली अंतरं सहा. प्रत्यक्ष शेतात बांधापासून अर्धं अंतर सोडून सुरुवात करतात, मग दोन्ही टोकांचा एक-एक फूट मिळून पन्नासचा हिशोब जमतो. एकरी रोपांचं सूत्रही हेच गृहीत धरतं.

एकर म्हणजे ४० गुंठे, गुंठा १,०८९ चौरस फूट, एकूण ४३,५६० चौरस फूट. सरीतलं अंतर गुणिले रोपांतलं अंतर, त्याने याला भागायचं.

- ५ × २ फूट: ४,३५६ रोपं
- ४.५ × २ फूट: ४,८४० रोपं
- ४ × १.५ फूट: ७,२६० रोपं

अंतर कुठून मोजलं, हे मात्र विचारून घ्यावं. रोपांचं आणि उसाच्या एक डोळा टिपरीचं (लावणीसाठी तोडलेल्या तुकड्याचं) अंतर मध्यापासून मध्यापर्यंत धरतात. दोन डोळा टिपरी लावताना ‘१५ ते २० सेंटिमीटर’ म्हणतात ते एका टिपरीचं टोक संपल्यापासून दुसरीचं सुरू होईपर्यंत. टिपरीची लांबी त्यात नाही. हे उलटं समजलं की बेणं कमी पडतं नाहीतर दाटी होते. सरीचं अंतर वरंब्याच्या माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंत, किंवा सरीच्या तळाच्या मध्यापासून पुढच्या तळाच्या मध्यापर्यंत मोजा. मोकळा तळ मोजून ‘साडेचार फूट’ म्हणणारा ट्रॅक्टरवाला पुढे आंतरमशागतीला अडचणीत आणतो.

उगवण न झालेल्या जागेला आपण नांगी म्हणतो, इंग्रजीत तीच गॅप. तिचा हिशोब फसवा आहे. एक फुटावर लावलेल्या एक डोळा उसात एक टिपरी मेली तर शेजाऱ्यांमधलं अंतर दोन फूट होतं, लागोपाठ दोन मेल्या तर तीन. मेलेल्या टिपऱ्यांमध्ये एक मिळवायचा आणि लावणीच्या अंतराने गुणायचं. नांग्या भरायला लावणीच्याच दिवशी पिशवीत लावून ठेवलेली रोपं हवीत. उशिरा बसवलेलं रोप शेजारच्या उसाच्या सावलीत सापडतं, त्याला फुटवे कमी येतात आणि जागा भरल्यासारखी दिसूनही वजन भरत नाही.

पाळी आणि आवर्तन

पाण्याच्या दोन पाळ्यांतला इंटरव्हल काढायला गणित साधं आहे. जमिनीच्या मुळांच्या थरातून पीक ताण न बसता किती मिलिमीटर पाणी उचलू शकतं, त्याला पिकाच्या रोजच्या गरजेने भागा. समजा मध्यम काळ्या जमिनीतून ६० मिलिमीटर मिळतं आणि पीक रोज ६ मिलिमीटर घेतं, तर १० दिवस. एप्रिलच्या उन्हात गरज ८वर गेली तर साडेसात दिवस. इथे आकडा कमाल आहे, म्हणून खाली उतरवून ७ धरायचा. लशीच्या बरोबर उलट. ठिबकवर रोज किंवा दिवसाआड पाणी देतात, तिथे जमिनीच्या साठ्यावर अवलंबून राहायचं नसतं, म्हणून मोटर बिघडली की ठिबकचं पीक पाटपाण्याच्या पिकापेक्षा लवकर सुकतं.

कालव्याचं आवर्तन, म्हणजे ठरावीक काळाने सोडलं जाणारं पाणी, वेगळं. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या लाभक्षेत्रात ‘महिन्याचं आवर्तन’ ऐकून ‘३० दिवसांनी पाणी’ असं लिहून घेऊ नये. समजा कालवा १२ दिवस वाहतो आणि १८ दिवस बंद राहतो. दोन सुरुवातींमधलं अंतर ३०, बंद काळ १८. आपल्या शेताचा इंटरव्हल यांपैकी एकही नसेल. या वेळी दुसऱ्या दिवशी भिजवणी झाली आणि पुढच्या आवर्तनात पाणी अकराव्या दिवशी पोचलं, तर मध्ये ३९ दिवस गेले. टोकाच्या शेतकऱ्याने पिकाची निवड या सर्वांत मोठ्या आकड्यावर करावी, सरासरीवर नको.

नकाशावर

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशाखाली ‘कंटूर इंटरव्हल २० मीटर’ असं असतं. हे अंतर कागदावर दिसतच नाही. ते दोन समोच्च रेषांमधल्या (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधल्या) उंचीचं आहे. कागदावर दिसणारी फट जमिनीवरचं आडवं अंतर सांगते, ती उतारागणिक बदलते. साताऱ्याजवळचा एखादा डोंगर ७४० मीटरपासून १,००० मीटरपर्यंत चढतो असं धरू. २६० भागिले २० म्हणजे १३ फटी आणि दोन्ही टोकं धरून १४ रेषा. दर पाचवी रेषा जाड, म्हणजे १०० मीटरची. आधी जाड रेषा शोधली की मोजणी चुकत नाही.

चढाचा अंदाज असा घ्यावा: १ सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर. तीन रेषा ५ मिलिमीटरमध्ये बसल्या असतील, तर फटी दोन, चढ ४० मीटर, आडवं अंतर २५० मीटर, उतार १६ टक्के. तीन रेषा म्हणून ६० मीटर धरणारा उतार २४ टक्के काढतो आणि रस्त्याची आखणी उगाच वळसे घालत नेतो. पाच मीटरचा कडा दोन रेषांच्या मध्ये पूर्ण लपू शकतो, हेही ट्रेकवाल्यांनी ध्यानात ठेवावं.

दहावीचा पेपर

वर्ग ०–९, १०–१९, २०–२९ असे दिले की मुलं वर्गांतर ९ लिहितात. ते १० आहे, कारण १० आणि १९ दोन्ही वर्गात धरलेले आहेत. मध्यक काढण्याआधी वर्ग सलग करावे लागतात: ९.५–१९.५, १९.५–२९.५. चुकीची जागा नेमकी इथे आहे, की वर्गमध्य दोन्ही पद्धतींनी १४.५च येतो. म्हणून मध्य (सरासरी) बरोबर निघतो, मुलाला वाटतं सलग न करताही चालतं, आणि मग मध्यकाच्या सूत्रात खालची मर्यादा ९.५ऐवजी १० आणि वर्गांतर १०ऐवजी ९ जातं. वर्ग ०–१०, १०–२० असे असतील तर १० गुण दुसऱ्या वर्गात जातात.

अकरावीत हेच कंसांच्या भाषेत येतं. चौकटी कंस टोक आत धरतो, गोल कंस बाहेर ठेवतो. २ ते ५ चौकटी कंसात असतील तर पूर्ण संख्या चार, गोल कंसात असतील तर दोन. लांबी दोन्हींत तीनच.

मिरजेची तार

सुरांमधलं अंतर वजाबाकीने मोजता येत नाही. षड्ज २४० हर्ट्‌झला लावला तर पंचम ३६० आणि तार षड्ज ४८०. फरक दोन्हीकडे १२०, पण कानाला सा–प आणि प–तार सा ही अंतरं वेगळी लागतात, कारण पहिलं गुणोत्तर ३:२ आणि दुसरं ४:३ आहे. म्हणून सतारीचे पडदे समान अंतरावर नसतात. सुट्या तारेला षड्ज मानलं आणि घोडीपासून वरच्या आधारापर्यंत लांबी ९० सेंटिमीटर धरली, तर घोडीपासून मध्यम ६७.५वर, पंचम ६०वर, तार षड्ज ४५वर. सतारीची बाजाची (मुख्य) तार मुळात मध्यमात असते, तिथेही हीच गुणोत्तरं लावायची. आकडे काढून पडदा बसवला तरी तार दाबल्याने ताण वाढून स्वर किंचित चढतो. पडदा दोऱ्याने बांधलेला आणि सरकता असतो तो म्हणूनच. शेवटचा केसभर सरकवणं कानावर.

पाश्चात्त्य संगीतात सा ते प याला ‘पाचवा’ इंटरव्हल म्हणतात, पायऱ्या मात्र चार. दोन्ही तट धरल्याचा परिणाम, म्हणून दोन पाचवे मिळून दहावा होत नाही, नववा होतो. आपण सात स्वरांना सप्तक म्हणतो आणि इंग्रज त्याला आठाचं नाव देतात. आठवड्याच्या बाबतीत नेमकं उलट.

मराठीत लिहिताना

प्रत्येक जागी ‘मध्यांतर’ लिहिणं हा आळस आहे. नाटकात मध्यंतर, शाळेत मधली सुट्टी, पाण्यात पाळी, हजेरीत खाडा, बेण्यात नांगी, भिंतीत फट, बोलण्यात विराम, कामात उसंत. हवामानाच्या बातमीतल्या ‘ब्राइट इंटरव्हल्स’चं ‘तेजस्वी मध्यांतरे’ झालेलं वाचवत नाही. कोयनेच्या खोऱ्यात त्याला उघडीप म्हणतात. पाऊस लांबला आणि पिकं माना टाकू लागली, की तोच खंड. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत ‘सर्व्हिस इंटरव्हल’ला ‘इतक्या तासांनी’ असं लिहिलं की पुरे, फक्त तास इंजिनच्या मीटरचे आणि ‘तास किंवा महिने, जे आधी येईल ते’ हे सोडू नये.

पूररेषा

या शब्दाचा सर्वांत महाग गैरसमज कृष्णाकाठी होतो. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदाच्या पुराची. या ‘एकदा’ला वेळापत्रक समजलं जातं: नुकताच आला, आता पंचवीस वर्षं निवांत. आकड्याचा अर्थ असा की दर वर्षी तशा पुराची शक्यता निळ्या रेषेसाठी ४ टक्के, लालसाठी १ टक्का. गेल्या वर्षीचा पूर या वर्षीची शक्यता कमी करत नाही. सांगलीचे अलीकडचे मोठे पूर २००५, २०१९ आणि २०२१चे. मधली अंतरं १४ वर्षं आणि २ वर्षं.

घराचं कर्ज ३० वर्षांचं असेल, तर त्या काळात निदान एकदा पाणी येण्याची शक्यता अशी काढा: न येण्याची वार्षिक शक्यता (लाल रेषेसाठी ०.९९, निळ्यासाठी ०.९६) तीस वेळा लिहून एकमेकींशी गुणा आणि उत्तर एकातून वजा करा. लाल रेषेवर सुमारे २६ टक्के. निळ्या रेषेवर सुमारे ७१. प्लॉट घेताना नकाशावर दोन्ही रेषा दाखवून मागा आणि जोत्याची उंची समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये लिहून घ्या. आयर्विन पुलाची ४० फूट इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी पुलाजवळच्या मोजपट्टीवरची आहे. आपल्या अंगणात त्या वेळी पाणी किती असेल, हे जोत्याच्या उंचीवरून वेगळं काढावं लागतं.